ब्रह्मकमळाचं माहेर



श्रावण लागला की आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सअॅपवर रात्री अकराच्या सुमाराला फोटो यायला लागतात. कर्जाच्या हप्त्याचे नव्हे, बैठकीचेही नव्हे. पांढऱ्याशुभ्र, ताटलीएवढ्या फुलाचे. खाली लिहिलेलं असतं, ‘आमच्याकडं ब्रह्मकमळ उमललंय, या सगळ्या.’ मग ज्यांना जमतं त्या बॅटरी घेऊन निघतात. कुणी हळदीकुंकू घेतं, कुणी निरांजन. फुलाला ओवाळतात, आत डोकावून एकमेकींना शेषशायी विष्णू दाखवतात, चहा होतो, आणि दिवसभर रानात राबलेल्या बाया मध्यरात्रीपर्यंत ओट्यावर बसून राहतात. सकाळी जाऊन बघावं तर फूल मान टाकून लोंबत असतं.

मी गटांची सहयोगिनी. एरवी या रेडिओवर मी तुमच्याशी अंतर्गत कर्ज, बँक जोडणी, इतिवृत्त असल्या गोष्टी बोलते. पण माझं बीए इतिहासात झालंय, आणि इतिहास म्हटलं की आपल्याला फक्त राजे आणि किल्ले आठवतात. आज मी एका कुंडीतल्या झाडाचा इतिहास सांगणार आहे. त्याला कारण आहे. या झाडापायी मी तीन वर्षं बोलणी खाल्ली आहेत.

माझं लग्न झालं तेव्हा सासरी दारासमोर ओट्याच्या कडेला ब्रह्मकमळाची मोठी कुंडी होती. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, ती जिवापाड जपायच्या. दर पावसाळ्यात सात-आठ फुलं ठरलेली. मी आले त्या वर्षी एकही फूल आलं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षीही नाही. आणि त्या तीन वर्षांत मलाही मूल झालं नव्हतं. आता पुढचं काय सांगायचं? तुम्हीही गावातच राहता. ‘नवी सून आली अन् फूल गेलं’ हे वाक्य मी हापशावर ऐकलं, लग्नाच्या मांडवात ऐकलं, हळदीकुंकवाला ऐकलं. आत्या कधी तोंडानं काही बोलल्या नाहीत. पण कुंडीला पाणी घालताना त्या माझ्याकडं बघायच्या, ते मला कळायचं.

तेव्हा मी ठरवलं की या झाडाचं कुळमूळ शोधायचं. सून घरात आली की आपण विचारतो ना, माहेर कुठलं, कुणाची, तिकडं पाऊसपाणी कसं? मग या झाडाला कुणी का विचारलं नाही?

पहिली गोष्ट कळली ती ही की आपलं ब्रह्मकमळ हे कमळ नाही. तो निवडुंग आहे. काटे नसलेला निवडुंग. हे ऐकून आमच्या गटातल्या एका काकू रागावल्याच. म्हणाल्या, ‘देवाच्या फुलाला निवडुंग म्हणतेस?’ पण तुम्ही नीट बघा. ज्याला आपण पान म्हणतो ते पान नाहीच, ती चपटी झालेली फांदी आहे. म्हणून तर तिच्या कडेला खाचा असतात आणि त्या खाचेतूनच कळी फुटते, नवी फांदीही तिथूनच फुटते. पानातून फूल येतं का कुठं? निवडुंगांची खरी पानं आकसून काटे होतात, आणि अन्न तयार करण्याचं काम हिरवी फांदी करते. या झाडाला कुणी उन्हात, माळावर, जनावरांच्या तोंडी उभं राहायला लावलं नाही, त्यामुळं त्याला काट्याचीही गरज पडली नाही. ते का, ते पुढं सांगते.

दुसरी गोष्ट. निवडुंगाचं हे जे कूळ आहे, ज्याला शास्त्रात कॅक्टस म्हणतात, त्याचं माहेर अमेरिका खंड. आपल्याकडं जुन्या काळापासून शेताच्या बांधावर जो त्रिधारी निवडुंग आहे, ज्याची फांदी मोडली की पांढरा चीक येतो आणि डोळ्यात गेला तर आग होते, तो वेगळ्या कुळातला. खूण सोपी आहे. चीक निघाला तर तो एरंडाच्या नात्यातला. ब्रह्मकमळाची फांदी मोडून बघा, चीक येणार नाही, नुसता पाण्यासारखा रस येईल.

अमेरिका खंडाची वाट युरोपातल्या लोकांना १४९२ साली कोलंबसामुळं कळली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यानंतर जहाजांतून जे आलं त्यावर आपलं आजचं स्वयंपाकघर उभं आहे. मिरची तिकडची. मका तिकडचा. शेंगदाणा तिकडचा. टोमॅटो, बटाटा, पेरू तिकडचे. विचार करा, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा याशिवाय आपली न्याहारी होते का? पण पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या इथल्या बाईला या दोन्हीची चव माहीत नव्हती.

आणि लांबून वस्तू येण्याची आपल्या भागाला सवय नव्हती असंही नाही. आपल्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषेतल्या दर्यावर्दी पुस्तकात तगरचं नाव आलंय. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं आणि तिथून जहाजांनी पार रोमच्या राज्यापर्यंत. तेरच्या संग्रहालयात त्या व्यापाराच्या काळातल्या वस्तू आजही ठेवल्या आहेत. गेला नसाल तर गटाची सहल काढा. सांगायचं एवढंच की बाहेरून येऊन आपलं होणं हे आपल्याकडं फार जुनं आहे.

आलेलं सगळं गुणाचंच निघालं असं नाही. ब्रह्मकमळाचा एक काटेरी भाऊबंद आहे, फड्या निवडुंग. म्हाताऱ्या माणसांना त्याची लाल बोंडं आठवतात. तोही अमेरिकेचा. १७९५ साली ब्राझीलमधून कलकत्त्याला एक किडा आणला गेला. हा किडा निवडुंगावर जगतो आणि त्याच्यापासून लाल रंग मिळतो, त्या रंगाच्या व्यापारात ईस्ट इंडिया कंपनीला पैसा दिसत होता. पण आणलेली जात हलकी निघाली. रंग काही धड मिळाला नाही, उलट किड्यानं त्या वेळच्या एका जातीचा निवडुंगच खाऊन टाकला. दख्खनच्या माळांवर जो दुसऱ्या जातीचा फड्या निवडुंग माजला होता, त्याला तो किडा शिवला नाही. त्यासाठी १९२६ साली दुसऱ्या जातीचा किडा दक्षिण भारतात आणून सोडावा लागला. त्यानंतर काही वर्षांत मैलोन्‌मैल पसरलेली निवडुंगाची बेटं ओसरली. म्हणजे एकाच कुळातल्या दोन लेकी. एक माळावर माजली म्हणून तिला किडा लावून घालवली, दुसरीला आपण निरांजनानं ओवाळतो.

आता त्या दुसरीच्या माहेरी जाऊ. मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेला लागून असलेले ग्वाटेमालासारखे देश. निवडुंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळवंट येतं. पण हे झाड वाळवंटातलं नाही, दमट जंगलातलं आहे. तिथं ते मोठ्या झाडांच्या बेचक्यात, खडकांच्या सांदीत वाढतं. झाडावर राहतं, पण झाडाला खात नाही. बेचक्यात साठलेला पालापाचोळा कुजतो, त्यात मुळं धरतं आणि फांद्या खाली लोंबतात. वर दाट पानं असतात, त्यातून गाळून आलेलं ऊन मिळतं. जनावराचं तोंड तिथवर पोचत नाही, म्हणून काट्याचा भार नको. आणि फूल रात्री का उमलतं? कारण त्याच्यावर येणारे मोठे पतंग रात्री उडतात. अंधारात दिसावं म्हणून पांढरा रंग, आणि लांबून कळावं म्हणून वास. आपण ओवाळतो ते फूल खरं तर त्या पतंगाची वाट बघत असतं.

या झाडाला शास्त्राच्या पुस्तकात नाव मिळालं, त्या काळातली एक हकिकत मला फार आवडते. १७८७ साली स्पेनच्या राजानं मेक्सिकोतल्या वनस्पतींची नोंद करायला एक मोहीम पाठवली. सेसे आणि मोसिन्यो हे तिचे प्रमुख अभ्यासक. सोबत चित्रकार होते, कारण तेव्हा कॅमेरा नव्हता. १८०३ पर्यंत हे लोक रानोमाळ फिरले आणि वनस्पतींची शेकड्यांनी रंगीत चित्रं काढली. पुढं स्पेनमध्ये राज्य उलथलं, मोसिन्योला देश सोडून फ्रान्समध्ये जावं लागलं. म्हातारा, हातात पैसा नाही, जवळ फक्त चित्रांची बाडं. तिथं त्याला द कांदोल नावाचा वनस्पतींचा अभ्यासक भेटला. मोसिन्योनं चित्रं त्याच्या हवाली केली आणि द कांदोल ती घेऊन स्वित्झर्लंडमधल्या आपल्या गावी, जिनिव्हाला गेला.

१८१७ साली मोसिन्योचा निरोप आला, मला मायदेशी परत जायला परवानगी मिळतेय, चित्रं परत द्या. ती तर द्यायलाच हवी होती. पण हजाराच्या आसपास चित्रं, त्यांची दुसरी प्रत नाही, आणि हातात दिवस थोडे. द कांदोलनं जिनिव्हातल्या चित्र काढता येणाऱ्या लोकांना हाक दिली. शंभराहून जास्त जण धावून आले. त्यात बायकांचा भरणा मोठा होता. त्यांनी चित्रं आपसांत वाटून घेतली आणि दहा-एक दिवसांत त्या सगळ्या ढिगाच्या नकला करून दिल्या. त्या नकलांच्या संचाला पुढं ‘जिनिव्हाच्या स्त्रियांचा वनस्पतिसंग्रह’ असंच नाव पडलं.

मैत्रिणींनो, हे वाचलं तेव्हा मला आपल्या पापडाच्या ऑर्डरी आठवल्या. दोन दिवसांत अमुक इतके किलो द्यायचे असले की आपण काय करतो? पीठ वाटून घेतो, घरं वाटून घेतो, आणि रात्रीत काम उठवतो. त्या बायांनी तेच केलं. मोसिन्योची मूळ चित्रं त्याच्या मरणानंतर दीडशेहून जास्त वर्षं अभ्यासकांच्या नजरेआड होती. १९८१ साली ती अमेरिकेतल्या एका संस्थेनं विकत घेतली तेव्हा पुन्हा जगासमोर आली. तोवर जगाकडं जे होतं ते मुख्यतः जिनिव्हाच्या त्या हातांनी उतरवलेलं. याच चित्रांच्या आधारानं द कांदोलनं मेक्सिकोतल्या कितीतरी वनस्पतींची वर्णनं लिहिली. आणि १८२८ साली आपल्या ब्रह्मकमळाला पहिलं शास्त्रीय नाव दिलं ते याच द कांदोलनं. पुढच्या वर्षी, १८२९ साली, हॉवर्थ नावाच्या इंग्रज अभ्यासकानं ते सुधारून एपिफायलम ऑक्सिपेटॅलम असं केलं. नाव अवघड असलं तरी अर्थ साधा आहे, पानावर फुलणारं, टोकदार पाकळ्यांचं. नर्सरीत गुलाबाच्या आकाराचं, जाड पानांचं, बिनकाट्याचं एक झाड हल्ली खूप मिळतं, एचेवेरिया. तेही नाव द कांदोलनं १८२८ सालीच दिलं, आणि ते त्या मोहिमेतल्या एचेवेरिया नावाच्या चित्रकाराच्या सन्मानार्थ. चित्रकाराचं नाव झाडाला लागलं. नकला करणाऱ्या बायका मात्र ‘जिनिव्हाच्या स्त्रिया’ एवढ्याच राहिल्या. हे लक्षात ठेवा, शेवटी त्यावर बोलायचंय.

पुढं हे झाड बागांमधून जगभर फिरलं. त्याला बी लागत नाही, फांदीचा एक तुकडा पुरतो, त्यामुळं ते कुणाच्याही पिशवीतून कुठंही जाऊ शकतं. जाईल तिथं त्याला नवं नाव मिळालं. जपानमध्ये त्याला चांदण्यातली सुंदरी म्हणतात. चीनमध्ये एखादी गोष्ट क्षणभर दिसून नाहीशी झाली की या फुलासारखी झाली असं बोलायची पद्धत आहे. श्रीलंकेत ते कडुपुल. केरळात निशागंधी, आणि तिरुवनंतपुरमला दरवर्षी निशागंधी या नावाचा नृत्यसंगीताचा मोठा उत्सव होतो. आपल्याकडं निशिगंध म्हणजे हाराची गुलछडी, ती वेगळी. पण गंमत अशी की तीही मूळची मेक्सिकोचीच.

आणि आपण याला म्हटलं ब्रह्मकमळ. हे नाव आधीपासून दुसऱ्याच एका फुलाचं आहे. खरं ब्रह्मकमळ हिमालयात तीन हजार मीटरच्याही वर, बर्फाच्या कडेला येतं. पावसाळ्यात फुलतं, केदारनाथ-बद्रीनाथला वाहिलं जातं, उत्तराखंड राज्याचं ते राज्यफूल आहे. आणि ते कुणाच्या नात्यातलं माहीत आहे का? आपल्या करडईच्या! सूर्यफूल, करडई, शेवंती यांच्या कुळातलं. म्हणजे ज्या करडईच्या काट्यांतून वाट काढत आपण हात ओरबाडून घेतो, ती त्या हिमालयातल्या ब्रह्मकमळाची खरी भावकी, आणि ओट्यावरच्या आपल्या कुंडीतलं झाड फक्त नावानं तसं.

मग काय, ओवाळू नये का? असं मी मुळीच म्हणत नाही. दसऱ्याला दाराला जे झेंडूचं तोरण लावतो तो झेंडूही मेक्सिकोचाच. तिकडचे लोक नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपल्या गेलेल्या माणसांची आठवण करतात तेव्हा झेंडूच्याच फुलांनी घर सजवतात. आपल्याकडं तोच झेंडू नवरात्रात तुळजापूरला आईच्या पायाशी पोचतो. फूल कुठलंही असो, भाव आपला असतो, आणि तो आपल्याकडंच राहतो. रात्री चार बाया एका ओट्यावर येतात, आनंदानं ओवाळतात, हे मला मोडायचं नाही.

मोडायचं आहे ते एवढंच, की फूल आलं तर घर भाग्याचं आणि नाही आलं तर घरातल्या कुणातरी बाईचा पायगुण वाईट. मेक्सिकोच्या जंगलात झाडाच्या बेचक्यात फुलणाऱ्या निवडुंगाला इथल्या सुनेचा पायगुण कसा कळणार? त्याला कळतं ते ऊन, पाणी आणि माती. तर आता त्याचं माहेर आठवून ते काय मागतं ते बघू.

पहिली गोष्ट उजेड. त्याला गाळलेलं ऊन हवं. आपल्याकडं चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उघड्या ओट्यावर ठेवलं तर फांद्या पिवळ्या पडतात, करपतात. आणि अंधारात ठेवलं तर फांद्या लांबच लांब, सुतळीसारख्या बारीक होतात, कळी धरत नाहीत. सकाळचं कोवळं ऊन आणि मग दिवसभर कडुलिंबाची विरळ सावली किंवा हिरवी जाळी, ही जागा उत्तम.

दुसरी गोष्ट माती. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. नुसती काळी माती कधीही भरू नका. एक भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा, आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत. नारळाच्या शेंड्या बारीक करून घातल्या तर आणखी चांगलं. कुंडी विकतच आणायला पाहिजे असं नाही. रंगाची रिकामी बादली चालते, पण तळाला भोकं पाडा. फार मोठं भांडं नको, मुळं जरा दाटीत राहिली तर बिघडत नाही.

तिसरी गोष्ट पाणी. वरची माती बोटानं चाचपून बघा. पेरभर कोरडी झाली असेल तरच पाणी. पावसाळ्यात झड लागली तर कुंडी पागोळ्यांखालून हलवा. हिवाळ्यात पाणी कमी. उन्हाळ्यात मात्र हवा कोरडी असते, तेव्हा संध्याकाळी फांद्यांवर पाणी शिंपडा आणि कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. रांजणाजवळची जागा त्याला आवडते ती याचसाठी.

लागवड अगदी सोपी. जून झालेली, निरोगी फांदी वीतभर लांबीची कापा. लगेच लावू नका. चार-पाच दिवस सावलीत ठेवून कापलेली बाजू सुकू द्या, मग दोन बोटं खोल खोचा. वरचा भाग वर आणि खालचा खालीच राहू द्या. काडीचा आधार द्या. साधारण महिनाभरात मुळं धरतात. फुलाला मात्र दोन-तीन वर्षं थांबायची तयारी ठेवा.

खत घालताना युरियाचा मोह नको. त्यानं नुसत्या फांद्या वाढतात आणि फूल राहून जातं. पावसाळ्याच्या आधी मूठभर शेणखत किंवा गांडूळखत पुरे. जुन्या चपट्या फांद्या कुरूप दिसतात म्हणून छाटू नका, फूल त्यांच्यावरच येतं. कापसावर येतो तसा पांढरा पिठ्या ढेकूण खाचांत बसला तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसा, नंतर निंबोळी अर्क फवारा. आणि कळी दिसली की कुंडीची जागा बदलू नका, नाहीतर कळ्या गळतात. कळी लोंबते, मग वाकून मान वर करते, फुगते. ती फुगली की समजा आज-उद्याची रात्र. साडेआठ-नऊला उमलायला लागते, मध्यरात्रीला पूर्ण उघडते आणि उजाडता मिटते.

आता माझ्या कुंडीचं सांगते. हे सगळं वाचल्यावर मी आठवू लागले की माझ्या लग्नाच्या वर्षी घरात काय बदललं होतं. तर सून येणार म्हणून अंगणात नवी न्हाणी बांधली होती, आणि बांधकामाला आडवी येते म्हणून कुंडी ओट्यावरून उचलून न्हाणीच्या मागच्या भिंतीला नेऊन ठेवली होती. तिथं दिवसभर अंधार. वरून न्हाणीचं पाणी झिरपून माती कायम ओली. फांद्या बारीक सुतळीसारख्या झालेल्या. म्हणजे सुनेसोबत फूल गेलं हे खरंच होतं, पण सुनेमुळं नव्हे, न्हाणीमुळं.

मी आत्यांना सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच दिराला हाक मारली आणि कुंडी उचलून कडुलिंबाखाली ठेवायला लावली. आम्ही दोघींनी माती बदलली. कुजलेली मुळं कापली. त्या वर्षी नाही, पुढच्या श्रावणात चार कळ्या आल्या. मला तेव्हाही मूल नव्हतं, हे मुद्दाम सांगते, म्हणजे कुणी उलटा पायगुण काढायला नको. फुलं उमलली त्या रात्री ओटा भरला होता. एका बाईनं म्हटलंच, ‘चला, सुनेचा दोष गेला.’ तेव्हा आत्या ओवाळता ओवाळता थांबल्या आणि एवढंच म्हणाल्या, ‘दोष नव्हता. आम्ही जागा चुकवली होती.’ मग निरांजनाचं ताट त्यांनी माझ्या हातात दिलं, आणि माझ्यानंतर आमच्या गटातल्या एका विधवा बाईच्या हातात दिलं. ती आधी मागं सरली. आत्या म्हणाल्या, ‘घे गं. निवडुंग आहे तो, त्याला काय कळतंय.’ सगळ्या हसल्या. पण तिनं ओवाळलं, आणि त्यानंतर आमच्या गटात कुणीच मागं सरत नाही.

आणखी एक गोष्ट. एका आठवडी बाजारात ब्रह्मकमळाची एकेक फांदी ‘हिमालयातून आणलेली, घरातले दोष घालवणारी’ म्हणून तीनशे रुपयांना विकलेली मी पाहिली आहे. आमच्याच गटातल्या दोघींनी उसने पैसे काढून घेतली होती. एकीची तर ताजी कापलेली फांदी काळ्या मातीत लावून आठ दिवसांत कुजली, आणि मग ती महिनाभर झोपली नाही, आपल्याच नशिबात काही आहे म्हणून. इतिहास माहीत असता तर तिचे तीनशे रुपयेही वाचले असते आणि झोपही. आता आमच्या चौघी जणी फांद्या लावून रोपं करतात. मुळं धरलेलं रोप बादलीसकट ऐंशी रुपयांना देतात, सोबत ऊन-पाणी-माती कसं ते लिहिलेली चिठ्ठी देतात. आणि गटातल्या बाईला फांदी फुकट.

शेवटचं सांगते. माझं माहेर लोहारा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी लहान होते. नंतर पुनर्वसनाच्या गावात आम्हाला घर मिळालं. रुंद रस्ते, सारखी घरं, पण शेजारी सगळे बदललेले. आई सांगते, तिथं पहिल्या पावसाळ्यात पलीकडच्या ओळीतली एक अनोळखी बाई वर्तमानपत्रात गुंडाळलेली ब्रह्मकमळाची फांदी घेऊन दारात आली. म्हणाली, ‘लावा, फुलाला बोलवा मला.’ आईनं लावली. तीन वर्षांनी फूल आलं, आईनं तिला बोलावलं. तोवर त्या दोघी मैत्रिणी झाल्या होत्या.

कुठं मेक्सिकोचं जंगल, कुठं आपला ओटा. पण शेवटच्या टप्प्यात हे झाड आपल्यापर्यंत पोचलं ते असं, बाईच्या हातातून बाईच्या हातात. फक्त कुणी लिहून ठेवलं नाही. जिनिव्हाच्या त्या बायांचीही नावं कुणाच्या ओठावर राहिली नाहीत. म्हणून आमच्या गटानं एक साधी गोष्ट सुरू केली आहे. हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचं, कुणाच्या घरी फांदी आली, कुणाकडून आली, कुठल्या वर्षी आली आणि पहिलं फूल कधी आलं. दोन ओळी, जास्त नाही. तुम्हीही लिहा. पुढच्या बैठकीला येताना एक जून फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून आणा, आणि जिला कुंडी नाही तिला द्या.

आणि कुणाच्या घरी यंदा फूल आलं नसेल, तर तिच्याकडं बघू नका. आधी कुंडीची जागा बघा.